शंख टाकून दिलेले जीव

समुद्राच्या सान्निध्यात वाढलेल्या माणसाला शंखशिंपल्यांचे कौतुक उपजतच असते. भरती ओसरली की मुले ओल्या वाळूतून ते वेचतात आणि घराघरांतल्या काचेच्या कपाटात एखादा तरी शंख जपून ठेवलेला असतो. परंतु तो शंख ज्याने घडविला, त्या आतल्या मऊ देहाची आठवण सहसा कोणाला होत नाही. मग ज्या जिवांनी आपला शंखच टाकून दिला, त्यांची दखल कोण घेणार? खडकांच्या खळग्यांत, शेवाळाच्या आड, नखाएवढे किंवा फार तर बोटाएवढे हे जीव सरपटत असतात. काहींचा रंग असा की एखादी फुलाची पाकळीच पाण्यात पडली असावी. त्यांना सामान्यपणे समुद्रगोगलगाई म्हणतात.

या चिमुकल्या जिवांना प्राणिसृष्टीच्या कुळवृत्तांतात नेमके कोठे बसवावे, हा प्रश्न गेली अडीचशेहून अधिक वर्षे विद्वानांना पडलेला आहे. त्या शोधाचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. कारण या प्रवासात माणसाची चूक वारंवार एकाच जागी झाली. त्याने कवच पाहून जिवाची ओळख ठरविली आणि प्रत्येक वेळी जिवंत प्राण्याने ती ओळख खोटी पाडली.

प्राचीन काळी या प्राण्यांविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी ऐकीव होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने ‘समुद्री सशा’चा उल्लेख केला आहे. डोक्यावरील दोन उभ्या वाढाव्यांमुळे सशासारखी दिसणारी ही एक मोठी समुद्रगोगलगाय होय. आमच्या समुद्रातला हा प्राणी म्हणजे केवळ एक बेढब मांसगोळा आहे, परंतु हिंदी समुद्रातल्या सशाला नुसता स्पर्श झाला तरी ओकाऱ्या सुरू होतात, अशा आशयाचे प्लिनीने लिहिले. आपल्या समुद्राविषयीची ही कीर्ती त्याने कोणा प्रवाशाकडून ऐकली असावी. ज्या सशाला रोमन लोक विषारी समजत, त्याच्याच मज्जापेशींचा अभ्यास करून स्मरणशक्तीचे कार्य उलगडल्याबद्दल एरिक कँडेल यांना 2000 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला, हा काळाचा महिमा म्हणावा लागेल.

लिनियसची दोन दालने

शास्त्रीय नामकरणाचा पाया स्वीडनचा कार्ल लिनियस याने घातला. 1758 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत समुद्रगोगलगाईंच्या एका प्रजातीला ‘डोरिस’ हे नाव मिळाले. ग्रीक पुराणकथांत डोरिस ही महासागराची कन्या होय. नाव सुंदर होते, परंतु स्थान मात्र विचित्र होते. पाठीचा कणा नसलेल्या बहुतेक प्राण्यांना लिनियसने ‘कृमी’ या एका मोठ्या वर्गात घातले आणि त्या वर्गात कवचधारी व मृदुकाय अशी दोन निराळी दालने केली. त्यामुळे बागेतली शंखवाली गोगलगाय एका दालनात गेली आणि तिचीच बिनशंखी बहीण दुसऱ्या दालनात गेली. त्या दुसऱ्या दालनात डोरिसच्या शेजाराला जेलीमासा, समुद्रपुष्प, तारामासा आणि माकूल येऊन बसले. ज्यांचा एकमेकांशी दूरचाही संबंध नाही असे हे सारे पाहुणे केवळ अंगावर शंख नाही एवढ्याच कारणाने एका पंक्तीला बसले.

लिनियसला याची थोडीफार जाणीव असावी. कारण शंखांच्या अनेक प्रजातींपुढे, आत राहणारा प्राणी गोगलगाईसारखा आहे, अशी त्रोटक नोंद त्याने करून ठेवली होती. परंतु संग्रहालयात येत ते रिकामे शंख. घर हाती लागले आणि घरमालक हरवला, अशी ती अवस्था होती.

ही कोंडी फोडली फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिए याने. तरुणपणी नॉर्मंडीच्या किनारी भागात एका कुटुंबात शिक्षक म्हणून राहत असताना त्याने समुद्रातून निघणाऱ्या जिवांची चिरफाड करून त्यांचे अंतरंग तपासले. बाहेरचे रूप नव्हे, तर हृदय, मज्जातंतू, श्वसनाची इंद्रिये यांची रचना पाहून प्राण्यांचे नाते ठरवावे, हे त्याचे सूत्र होते. या कसोटीने बिनशंखी गोगलगाय पुन्हा शंखवाल्या कुटुंबात आली. 1817 साली त्याने ज्यांचे कल्ले उघडे असतात अशा समुद्रगोगलगाईंचा निराळा गण केला. त्याचे आजचे लॅटिन नाव ‘न्यूडिब्रांकिया’. ‘न्यूडस’ म्हणजे नग्न व ‘ब्रांकिया’ म्हणजे कल्ले, असा हा सरळ अर्थ आहे. या गणाच्या सुमारे 3000 जाती आज ज्ञात आहेत. डोरिसच्या पाठीमागे कल्ल्यांचा एक सुरेख तुरा असतो. जरा धक्का लागला की तो ती झटकन आत ओढून घेते.

एका धर्मगुरूचे निरीक्षण

क्युव्हिएने नाते जुळविले खरे, परंतु ते प्रौढ प्राण्याच्या शरीररचनेवरून. बिनशंखी प्राणी मुळात शंखधाऱ्यांच्याच वंशातला आहे याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा हवा होता. तो मिळाला नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका लहानशा धर्मग्रामात.

मिखाएल सार्स (1805–1869) हे बर्गन शहरात जन्मलेले ल्युथरन धर्मगुरू. 1831 साली त्यांची किन या किनाऱ्यावरील धर्मग्रामात नेमणूक झाली, पुढे 1840 मध्ये ते मांगेर येथे गेले. विद्यापीठे दूर होती, परंतु समुद्र दाराशी होता. धर्मग्रामाची कामे सांभाळून सार्स यांनी किनाऱ्यावरच्या जिवांचा अभ्यास चालविला. समुद्रगोगलगाय आपली अंडी फितीसारख्या बुळबुळीत माळेत घालते आणि ती माळ खडकाला किंवा शेवाळाला चिकटवून ठेवते. या अंड्यांचा विकास सार्स यांनी धीराने न्याहाळला. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले आईसारखी मुळीच नव्हती. सूक्ष्म केसांची झालर असलेल्या दोन पाळ्या हलवीत ती पोहत होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर पीळदार, इवलासा शंख होता! शंखाचे तोंड बंद करायला झाकणही होते.

1837 आणि 1840 साली सार्स यांची ही निरीक्षणे जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांचा अर्थ स्पष्ट होता. समुद्रगोगलगाय शंखाविना जन्मत नाही. ती शंख घेऊन येते, काही काळ त्यासह पोहते आणि तळाला स्थिरावून रूप पालटताना तो टाकून देते. जे प्रौढपणी दिसत नाही ते बालपणी दिसते. 1854 साली सार्स क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथील विद्यापीठात प्राध्यापक झाले. परंतु हे मूलभूत काम त्यांनी एक साधा धर्मगुरू असताना केले होते. त्यासाठी त्यांना लागली ती अंड्यांची एक माळ आणि थांबण्याची तयारी.

निःशस्त्राचे शस्त्र

शंख टाकून दिल्यावर हा मऊ, संथ प्राणी शत्रूंच्या तोंडी कसा पडत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अभ्यासकांपुढे एक अद्‌भुत गोष्ट आली.

समुद्रगोगलगाईंच्या एका मोठ्या समूहाला इऑलिड म्हणतात. त्यांच्या पाठीवर बोटांसारखे अनेक वाढावे असतात आणि प्रत्येक वाढाव्यात पचनग्रंथीची एक शाखा शिरलेली असते. टोकाशी एक बारीक पिशवी असते आणि तीत दंशकोशिका आढळतात, म्हणजे समुद्रपुष्प किंवा जेलीमासा ज्या सूक्ष्म बाणांनी डंख मारतो तेच बाण. गोगलगाईपाशी हे बाण आले कोठून? एडिंबरोचे थॉमस स्ट्रेथिल राइट यांनी 1858 मध्ये सुचविले की हे तिचे स्वतःचे नव्हेत, तिच्या भक्ष्याचे आहेत. इऑलिड समुद्रपुष्पे आणि त्यांच्या जातीचे प्राणी खाते, त्यांचे न फुटलेले बाण न पचविता पाठीवरील पिशव्यांत नेऊन साठविते आणि शत्रू आला की तेच वापरते. ही कल्पना अनेकांच्या गळी उतरली नाही. अखेर 1903 साली ग्रोव्हनर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या अभ्यासाने ती सिद्ध झाली.

इतर जातींचे उपाय निराळे. डोरिसच्या कुळातल्या पुष्कळ जाती स्पंज खातात आणि त्यातील कडवट द्रव्ये अंगात साठवितात. अनेकींचे भडक रंग हा शत्रूला दिलेला इशाराच असतो. याशिवाय या साऱ्या उभयलिंगी आहेत. प्रत्येक प्राणी नरही असतो आणि मादीही. विरळ वस्तीत, संथ चालीने हिंडणाऱ्या जिवाला समोर भेटणारा स्वजातीचा कोणताही प्राणी जोडीदार होऊ शकतो, ही निसर्गाची मोठीच सोय होय.

न्यूकॅसल आणि वॉल्टेअर

या रंगांनीच अभ्यासकांची मोठी अडचण केली. समुद्रगोगलगाय मद्यार्कात बुडविली की तिचा रंग उडतो, अंग आक्रसते आणि उरतो तो पांढुरका गोळा. शंखाचा संग्रह करता येतो, समुद्रगोगलगाईचा कसा करावा? बाटलीतल्या अशा गोळ्यांवरून नवीन जाती नोंदविल्या गेल्या आणि एकाच प्राण्याला अनेक नावे मिळाली.

इंग्लंडच्या न्यूकॅसल येथील दोन मित्रांनी यावर उपाय काढला. जोशुआ ऑल्डर (1792–1867) यांनी व्यापार सोडून निसर्गाभ्यास पत्करला होता. अल्बनी हॅनकॉक (1806–1873) यांचे शिक्षण वकिलीचे. दोघांनी समुद्रगोगलगाई पाण्याच्या भांड्यांत जिवंत ठेवल्या आणि त्या सरपटत असतानाच त्यांची रंगीत चित्रे काढली. त्यांचा ब्रिटनमधील उघड्या कल्ल्यांच्या गोगलगाईंवरील ग्रंथ रे सोसायटीने 1845 ते 1855 या काळात भागाभागाने प्रसिद्ध केला. त्यातील चित्रे आजही अभ्यासक उघडून पाहतात. 1857 साली एक बँक बुडाली आणि ऑल्डर यांची सारी पुंजी तिच्याबरोबर गेली. उतारवयात त्यांना सरकारी निवृत्तिवेतनावर राहावे लागले, तरी अभ्यास थांबला नाही.

याच दोघांकडे भारतातून एक मौल्यवान संग्रह गेला. तो पाठविणारे वॉल्टर इलियट (1803–1887) हे मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी. त्यांच्या नोकरीची आरंभीची वर्षे दक्षिणी मराठा मुलखात, धारवाडकडे गेली आणि 1824 च्या कित्तूरच्या उठावात ते कैदही झाले होते. पुढे आंध्र किनाऱ्यावर अधिकारपदी असताना त्यांनी विशाखापट्टणम्‌जवळच्या वॉल्टेअर येथे समुद्रगोगलगाई गोळा केल्या आणि त्यांची चित्रे तयार करविली. नमुने व चित्रे मिळाल्यावर ऑल्डर व हॅनकॉक यांनी 1864 साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी एका नव्या प्रजातीला ‘कलिंग’ असे नाव दिले. ज्या किनाऱ्यावर ती सापडली त्याचे प्राचीन नाव अशा रीतीने प्राणिशास्त्रात कायमचे जाऊन बसले. ‘कलिंग ऑर्नाटा’, म्हणजे अलंकृत कलिंग, हे नाव आजही चालू आहे.

त्याच सुमारास श्रीलंकेत तिथेच जन्मलेले लष्करी डॉक्टर एडवर्ड फ्रेडरिक केलार्ट हे अशाच कामात गढले होते. 1858 च्या आसपास त्यांनी तेथील अनेक जातींची वर्णने प्रसिद्ध केली. 1860 मध्ये इंग्लंडला जात असताना जहाजावरच त्यांचे निधन झाले. त्यांची वर्णने त्रोटक होती, त्यामुळे त्यांचे काम विसरले जाण्याचीच भीती होती.

त्यांना न्याय दिला तो सर चार्ल्स इलियट (1862–1931) यांनी. हे इलियट निराळे, नामसाधर्म्य योगायोगाचे. हे व्यवसायाने मुत्सद्दी, पूर्व आफ्रिकेत कमिशनर आणि पुढे जपानमध्ये राजदूत होते. हिंदू व बौद्ध धर्मांवरील त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ 1921 साली निघाला. असा हा पौर्वात्यविद्येचा पंडित फावल्या वेळात समुद्रगोगलगाईंचा जाणकार होता! केलार्ट यांची चित्रे आणि न्यूकॅसलच्या हॅनकॉक संग्रहालयात जपलेले ऑल्डर-हॅनकॉक यांचे नमुने यांचा अभ्यास करून त्यांनी 1906 मध्ये दक्षिण भारत व श्रीलंका येथील जातींवर निबंध लिहिला. एकीकडे रंग सांगणारे चित्र आणि दुसरीकडे रंग हरवलेला देह. दोहोंची सांगड घातल्यावर कोणते नाव कोणत्या प्राण्याचे हे ठरविता आले. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी काळजीपूर्वक काढून ठेवलेली रेघ अशी उपयोगी पडली.

दोन शिंपांची गोगलगाय

कवचाने माणसाला किती काळ फसवावे याचे सर्वांत बोलके उदाहरण विसाव्या शतकात पुढे आले. 1875 साली फ्रान्समधील क्रॉस यांनी पॅरिसच्या परिसरातील जीवाश्मांवरून ‘बर्थेलिनिया’ ही प्रजाती वर्णिली होती. दोन शिंपा एकमेकींना बिजागरीने जोडलेल्या. म्हणजे तिसऱ्या किंवा कालवासारखा हा द्विपुट प्राणी असणार, यात कोणाला शंका वाटली नाही. तशाच रिकाम्या शिंपा नंतर आजच्या समुद्रांतही सापडल्या. त्याही द्विपुटांतच जमा झाल्या.

1959 साली जपानमधील तामानो येथे कावागुती आणि बाबा या दोन अभ्यासकांना एका हिरव्या शेवाळावर अशा शिंपा जिवंत सापडल्या. शिंपा उघडल्या आणि त्यांतून बाहेर आले ते डोके, डोळे व शिंगे असलेली, पोटाच्या पायावर सरपटणारी हिरवी गोगलगाय! द्विपुटांना डोके नसते. त्यामुळे वादाला जागाच उरली नाही. पुढील निरीक्षणात असे आढळले की या प्राण्याच्या पिल्लाला सार्स यांनी पाहिला होता तसाच एक पीळदार शंख असतो. तो डाव्या शिंपेच्या टोकाशी राहतो आणि उजवी शिंप नंतर तयार होते. चौऱ्याऐंशी वर्षे ज्याला शिंपला म्हटले तो गोगलगाईच्या कुळातला निघाला.

हा प्राणी ‘सॅकोग्लोसा’ या गणातला. ‘पिशवी-जिभे’ असा या लॅटिन-ग्रीक नावाचा अर्थ होतो, कारण जिभेवरचे झिजलेले दात या गोगलगाई फेकून न देता एका पिशवीत साठवितात. शेवाळाच्या कोशिकेला दाताने छिद्र पाडून त्या आतला रस शोषतात. 1965 मध्ये कावागुती आणि यामासू यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले की या गणातील एका गोगलगाईच्या शरीरात शेवाळातले हरितलवक अखंड टिकून राहतात. प्राण्याने झाडाचे स्वयंपाकघर पळवावे अशी ही गोष्ट! मात्र त्या प्राण्याच्या उपजीविकेला या चोरीच्या हरितलवकांचा किती हातभार लागतो यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

मोडलेले घर

1848 साली फ्रान्सच्या मिल्न-एडवर्ड्‌स यांनी ज्यांचे कल्ले हृदयाच्या मागे असतात त्या गोगलगाईंचा ‘ऑपिस्थोब्रांकिया’, म्हणजे ‘मागे कल्ले असलेल्या’, असा एक मोठा समूह केला होता. उघड्या कल्ल्यांच्या, समुद्री ससे आणि पिशवी-जिभे असे सारे या एका घरात दीडशे वर्षांहून अधिक काळ नांदले. पाठ्यपुस्तकांत हेच नाव शिकविले जाई. परंतु गुणसूत्रांतील डीएनएची तुलना सुरू झाली आणि घराच्या भिंतींना तडे गेले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की पिशवी-जिभ्यांचे जवळचे नाते उघड्या कल्ल्यांच्या बहिणींशी नसून जमिनीवर फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या गोगलगाईंशी आहे. म्हणजे समुद्रातली ती पानासारखी हिरवी गोगलगाय पावसाळ्यात आपल्या अंगणात येणाऱ्या गोगलगाईच्या अधिक जवळची! शंख टाकून देणे ही एकाच घराण्याची रीत नव्हे, अनेक घराण्यांनी ती स्वतंत्रपणे पत्करली, हेही यातून ठरले. त्यानंतर ऑपिस्थोब्रांकिया हे नाव वर्गीकरणातून हळूहळू निवृत्त झाले.

मग एवढी वर्षे घालविलेले श्रम फुकट गेले काय? मला तसे वाटत नाही. लिनियसची दालने मोडली, मिल्न-एडवर्ड्‌स यांचे घर मोडले. पण सार्स यांनी पाहिलेला पिल्लाचा शंख जागच्या जागी आहे. ऑल्डर-हॅनकॉक यांचे रंग खरे आहेत. राइट यांची साठविलेल्या बाणांची कल्पना खरी ठरली. वर्गीकरण हे मनुष्याचे अनुमान असते आणि नव्या प्रकाशात ते बदलते, बदललेच पाहिजे. प्रामाणिकपणे, जिवंत वस्तूपुढे थांबून केलेले निरीक्षण मात्र पुढच्या पिढीच्या हाती भांडवल म्हणून उरते.

आपल्या देशातही हे काम पुढे चालू आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. दीपक आपटे यांनी 2009 साली लक्षद्वीप बेटांवरील समुद्रगोगलगाईंचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लक्षद्वीपमध्ये प्रथमच नोंदविलेल्या 52 जाती होत्या. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर 2017 पासून हौशी अभ्यासक ओहोटीच्या वेळी नागरिकांना घेऊन जातात आणि दिसलेल्या जिवांची छायाचित्रे नोंदवून ठेवतात. किनाऱ्यावरच्या आपल्या कुटुंबांतील मुलांनाही हे करता येण्याजोगे आहे. त्यासाठी प्राणी उचलून बाटलीत भरण्याची आवश्यकता नाही. दिवस, जागा, रंग आणि तो कशावर बसला होता एवढे वहीत लिहून ठेवले तरी पुरे. किनच्या त्या धर्मगुरूंनी अंड्यांच्या माळेपाशी थांबून सुरुवात केली होती. आपल्याही खडकांवर अशा माळा चिकटलेल्या असतात. शंख वेचताना त्यांच्यापाशी जरा थांबून पाहिले पाहिजे.